दोरीवरचं कणीस

वीस-बावीस वर्षं झाली असतील. दसऱ्याच्या आगेमागे ज्वारी काढणीला आली होती. एक दिवस सकाळीच सरकारी माणूस घरी आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा गट लागला." मला वाटलं भूसंपादन आलं की काय. आमचं गाव पारोळा-अमळनेरच्या मधल्या कोरडवाहू पट्ट्यातलं, बोरी नदीपासून थोडं आत. इथं कागद घेऊन कोणी आलं की पोटात गोळाच येतो. पण तो आला होता पीक कापणी प्रयोगासाठी. कोणाचं वावर घ्यायचं हे आधीच वरून चिठ्ठी टाकल्यासारखं ठरून येतं, आणि त्या साली ज्वारीसाठी माझा गट निघाला होता.

हा प्रयोग ज्यानं पाहिला नाही त्याला सांगतो. वावराच्या एका कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजत जायचं, लांबीकडून अमुक, रुंदीकडून तमुक. जिथं पाय थांबेल तिथं खुंटी ठोकायची. तिथून दहा मीटर बाय पाच मीटरची चौकट दोरीनं आखायची. चौकटीतली कणसं खुडायची, झोडायची, उफणायची आणि दाणा तोलायचा. जे वजन येईल त्याला दोनशेनं गुणलं की हेक्टरचं उत्पन्न. दोनशेनं का, तर चौकट पन्नास चौरस मीटरची आणि हेक्टर दहा हजारांचं. एवढं गणित मला येत होतं. दहावी पास होतो, आणि गावात अर्ज लिहून देणारा म्हणून माझीच ओळख होती.

दोनशेनं गुणायचं असतं म्हणून तिथं एका कणसालाही किंमत असते. दोरी सरळ जाते, पण ज्वारी काही दोरीला विचारून उगवलेली नसते. एखादं ताट अगदी दोरीवर येतं. ते आत धरायचं की बाहेर? नियम असा की बुंधा आत असेल तर आत, बाहेर असेल तर बाहेर. पण खाली वाकून बुंधा पाहणार कोण?

पुढं वाचताना मला कळलं की या दोरीवरच्या ताटावर मोठमोठ्या माणसांनी डोकं खपवलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या काळात शेतावर जाऊन अशी कापणी करून उत्पन्न मोजायची पद्धत देशात रुळवली. त्याआधी सगळा नजरेचा कारभार. पाटील-तलाठी बांधावर उभे राहून म्हणायचे, यंदा दहा आणे पीक, यंदा सहा आणे. सोळा आणे म्हणजे भरलेलं. आणेवारी हा शब्द त्यातलाच. तिकडे बंगालात महालनोबीस लहान चौकटीनं मोजत होते. सुखात्म्यांचं म्हणणं पडलं की चौकट लहान असली तर कडेवरची ताटं माणूस नकळत आत ओढतो आणि उत्पन्न फुगतं, म्हणून चौकट मोठी पाहिजे. हेच सुखात्मे पुढं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जगाच्या भुकेचा हिशेब करत बसले. बुधहून रोमला गेलेल्या माणसाला दोरीवरच्या ताटाची चिंता होती, हे वाचून मला बरं वाटलं. आणि लाजही वाटली.

लाज का, ते सांगतो.

त्या दिवशी पावलं मोजायला मीच बरोबर होतो. ठरल्याप्रमाणे चाललो असतो तर खुंटी चांगल्या काळ्या पट्ट्यात पडत होती. तिथं ज्वारी खांद्यावर होती. गावातली चार-पाच माणसं बांधावर जमलेली. त्यातल्या एका वडीलधाऱ्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "भाऊ, जरा पलीकडं घे ना. विमा सगळ्या गावाचा आहे." पलीकडं मुरूम होता. मी सरकारी माणसाकडं पाहिलं, त्यानं आभाळाकडं पाहिलं. खुंटी मुरमात पडली. दोरीवरची सगळी ताटं बाहेर धरली. झोडताना मूठ-दोन मूठ दाणा गोणपाटाखाली राहू दिला. तागडीत जे आलं ते कागदावर लिहिलं गेलं आणि खाली शेतकरी म्हणून मी सही केली. माझी सही तेव्हा फार वळणदार होती.

तेव्हा राष्ट्रीय कृषी विमा योजना होती. सोसायटीचं पीककर्ज घेतलं की विम्याचा हप्ता कापूनच हातात पैसे. भरपाई कोणा एकट्याच्या नुकसानीवर नसे. मंडळातल्या थोड्या प्रयोगांची सरासरी काढायची, ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तर विमा घेतलेल्या सगळ्यांना पैसे. आमच्या मंडळाला त्या साली मिळाले. दुसऱ्या साली प्रयोग दुसऱ्याच्या वावरात झाला, पण बांधावर माणसं तीच होती. तेव्हाही मिळाले. माझ्या वाट्याला आलेल्या पैशातून मी घरावर पत्रे टाकले. ते पत्रे अजून आहेत.

मनाला काही टोचलं नाही. उलट वाटलं, आयुष्यात एकदा तरी आकडा आपल्या बाजूनं वाकला.

पुढं दोन वर्षं बरी गेली, आणि मग पोळ्यानंतर पाऊस असा गेला की फिरकलाच नाही. ज्वारीची पोगं वाळली, कणसात दाणा भरलाच नाही. आमच्या गल्लीत एक बाई राहायची, तिला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. नवरा आदल्या वर्षी वारला होता. वावर नुकतंच तिच्या नावावर चढलं होतं आणि सोसायटीचं कर्ज तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या अंगठ्यावर उचललं होतं. त्या साली विम्याचे पैसे आले ते नावाला. तिच्या खात्यावर जे पडलं त्यात एक बियाण्याची पिशवी आली नसती. ती माझ्याकडं आली, कारण कागद वाचणारा मी. म्हणाली, "भाऊ, जळी गयं समदं. मंग पैसा काबर नहीत उनात?"

मी चार लोकांना घेऊन तालुक्याला गेलो. तावातावानं बोललो. समोरच्या साहेबानं शांतपणे एक तक्ता काढला. म्हणाला, उंबरठा उत्पन्न मागच्या पाच वर्षांच्या सरासरीवर ठरतं, आणि तुमच्या मंडळाची सरासरीच कमी आहे, ज्वारी तुमच्याकडं पिकतच नाही असं हे कागद सांगतात. मग हलकेच म्हणाला, "कागदांवर सह्या तुमच्याच लोकांच्या असतात."

घरी येऊन वहीवर गणित मांडलं. समजा तीन वर्षं दहा क्विंटल पिकलं आणि दोन वर्षं सात. पाच वर्षांची सरासरी आठ क्विंटल ऐंशी किलो. समजा त्याच्या साठ टक्क्यांवर उंबरठा. तो झाला पाच क्विंटल अठ्ठावीस किलो. आता त्या दोन वर्षांचे सात आपण चार लिहिले. सरासरी झाली सात क्विंटल साठ किलो आणि उंबरठा चार क्विंटल छप्पन्न किलो. मग दुष्काळ पडतो आणि पिकतं साडेचार क्विंटल. खरं लिहिलं असतं तर तूट दिसली असती पाऊण क्विंटलच्या वर. आता दिसते सहा किलो. सहा किलोच्या तुटीला कोण काय देणार!

आता इथं कोणी हिशेबी माणूस म्हणेल की एकूण गावाला फायदाच झाला, दोन वर्षं मिळालं आणि एक वर्ष गेलं. मीही ते मनाशी म्हणून पाहिलं. मंडळ मोठं, एका माझ्या खुंटीनं किती फरक पडला असेल, हेही म्हणून पाहिलं. पण ज्या दोन वर्षी मिळालं तेव्हा जिजी विम्यात नव्हती. माझ्या पत्र्यांचे पैसे कुठून आले, तर पुढच्या दुष्काळात जो कोणी असेल त्याच्या ताटातून. आम्ही बांधावर उभं राहून गावावर दया केली असं समजत होतो. ती आमच्यातल्याच कोणाच्या तरी नावावर काढलेली उधारी होती, आणि ती कोणाच्या नावावर पडणार हे आम्ही विचारलंही नव्हतं.

हे मी पारावर बोललो की लोक चिडतात. त्यांचं चिडणं खोटं नाही. ते म्हणतात, सरकारचा आकडा तरी कुठं खरा असतो? पैसेवारी घ्या. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाई, सवलती. बांधावर उभं राहिलं तर पीक चार आणेही दिसत नाही आणि कागदावर पैसेवारी बावन्न, त्रेपन्न. हे दोन-तीन पैसे कुठं उगवतात, ते आम्हाला आजवर दिसलं नाही. मग वरच्यानं दांडी मारायची आणि खालच्यानं तराजू सरळ धरायचा, हा कुठला न्याय?

याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. एवढंच कळतं की तालुक्याच्या त्या टेबलासमोर मी गप्प बसलो, ते साहेब मोठा होता म्हणून नाही. माझी सही त्याच्याकडं होती म्हणून. खोटं दोन्हीकडं असलं की ज्याच्या हातात शिक्का त्याचं खोटं चालतं. आपल्याकडं शिक्का नाही. आपल्याकडं फक्त वावर आहे, आणि वावरात जे उभं आहे ते खरं आहे, एवढाच आपला पुरावा. तोच मी मुरमात गाडला होता.

नंतर पद्धती बदलल्या. दुष्काळ ठरवायला आता पैसेवारीबरोबर पावसाचा खंड, जमिनीतली ओल, उपग्रहाला दिसणारा हिरवेपणा असं सगळं पाहतात. २०१८ साली त्याच रीतीनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचेही तालुके होते. माझा नातू म्हणतो, बाबा, आता माणसाच्या नजरेवर काही राहिलं नाही. मी त्याला म्हणतो, उपग्रहाला हिरवं दिसतं, दाणा भरला की नाही ते दिसत नाही. तागडी कोणीतरी धरावीच लागते. त्यानंच मला सांगितलं की २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जगासाठी सतरा उद्दिष्टं ठरवली, २०३० पर्यंत भूक संपवायची, गरिबी संपवायची, आणि किती जमलं ते मोजायला दोनशेच्या वर मोजमापं आहेत. मी विचार करत बसलो. तिथं पोचणारा हेक्टरी उत्पन्नाचा आकडा जिल्ह्यातून येणार, जिल्ह्याचा मंडळातून, मंडळाचा कोणाच्या तरी वावरातल्या खुंटीपासून. सगळी उतरंड अशी खालच्या मडक्यावर.

खोट्या सहीमागं निदान लोभ होता. पण दुसरं एक खोटं मी काही मिळवायचं नसताना बोललो, आणि ते मला जास्त सलतं.

२०११ च्या जनगणनेला फेब्रुवारीत मास्तर घरी आले. हरभऱ्याची काढणी चालू होती. एकेकाचं नाव, वय, शिक्षण, काम विचारत गेले. बायकोचं नाव आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी काय करतात?" मी म्हणालो, "काही नाही, घरीच असते." मास्तरांनी लिहिलं आणि पुढच्या नावाकडं वळले. बायको तेव्हा नुकतीच वावरातून आली होती. हरभऱ्याच्या आंबेनं तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि ती मास्तरांसाठीच चहा ठेवत होती. मास्तर गेल्यावर म्हणाली, "मी काय घरमाच ऱ्हास का? वावरमा कोन जास मंग?"

मी हसण्यावारी नेलं. पण विचार करा, निंदणी तिची, कापूस वेचणी तिची, गुरांचं चारापाणी तिचं. मास्तरांच्या तक्त्यात शेतकरी म्हणून एक रकाना होता, तो मी तिला मिळू दिला नाही. मुद्दाम नाही, तोंडाला तीच सवय. माझ्यासारखे किती जण तसंच बोलले असतील! मग वर कोणीतरी बसून म्हणणार, या गावात शेती करणाऱ्या बाया थोड्या आहेत, त्यांच्यासाठी योजना कशाला. तेव्हा मी कोणाच्या नावानं बोंब मारू? मला मास्तरांनी विचारलं होतं. माझ्याच ओट्यावर बसून, माझंच पाणी पिऊन विचारलं होतं.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता तलाठ्याची वाट पाहायची नाही. आपणच वावरात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर पीक चढवायचं. रेंज मिळाली तर. आमच्या खोलगट वावरात ती मिळत नाही, म्हणून फोटो काढून बांधावरच्या निंबाखाली यावं लागतं. मागच्या खरिपात एका भाचेलग्याची पडीक जमीन होती. तो म्हणाला, "मामा, तुमच्या कपाशीत उभा राहून काढू का फोटो? काय फरक पडतो?" मी नाही म्हणालो. नातं थोडं ताणलं गेलं, दिवाळीला तो आला नाही. त्याला जिजीची गोष्ट सांगायला हवी होती, पण मग पत्र्यांचीही सांगावी लागली असती.

जिजी चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला दिलं नाही. "सरकारचं असंच असतं," एवढंच म्हणालो होतो.

लांबलेली जनगणना आता २०२७ साली व्हायची आहे. पेपरात बातमी आली तेव्हा मी ती बायकोला वाचून दाखवली. ती सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "आते मास्तर उना का मीच सांगसू. तुम्ही घरमा बठा."