फक्त

जाहिरातीतल्या नेमक्या शब्दांनी माल खपतो, हे कुठल्या दुकानदाराला सांगावं लागत नाही. मला प्रश्न पडतो तो निराळा: हे शब्दकौशल्य पानाच्या कुठल्या भागावर खर्च होतं?

साहित्याच्या अनुवादावर घर चालत नाही, म्हणून मी इंग्रजी जाहिरातींचंही मराठी करते. त्यात कर्जाच्या जाहिराती पुष्कळ. तिथे एकाच पानावर दोन मराठी नांदतात. वरची ठळक ओळ शेजारच्या काकूंनी सांगावी तशी; तिच्यासाठी चार बैठका होतात, ‘हप्ता’ की ‘ईएमआय’ यावर वाद झडतात. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘अधीन राहून’. तो भाग कुणाकडून तरी आधीच उरकून घेतलेला असतो. मला सांगतात, तिथे हात लावू नका.

वरच्या ओळीत सरळ खोटं क्वचितच असतं. ‘दरमहा फक्त एक टक्का’ हेच घ्या. वाचणारा वर्षाला बारा टक्के धरतो. पण व्याज फ्लॅट दराने लावलं, तर वर्षभरासाठी घेतलेल्या एक लाखावर 12,000 रुपये व्याज आणि महिन्याला 9,333 रुपये हप्ता. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला साधारण 21.5 टक्के पडतो. आकड्यांत कुठे चूक नाही. सगळं काम ‘फक्त’ने केलं, आणि तो शब्द सुचवण्याचेच तर पैसे मिळतात.

यावर आमच्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर असं, की ग्राहक सज्ञान आहे, अटी छापल्या आहेत, त्याने वाचाव्यात. कायद्याच्या भाषेला ठरलेले शब्द लागतात, हेही खरं. तरी मला पटत नाही. दमूनभागून घरी आलेल्या माणसाला एका ओळीवर थांबवायचं कसं हे ज्याला कळतं, त्याला न थांबवायचं कसं हेही कळतंच.

म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतला इशारा पूर्वी एका श्वासात गडगडत जायचा. शेवटी इंग्रजीतले ते 14 शब्द किमान 5 सेकंद चालले पाहिजेत, असं सेबीला सांगावं लागलं. (2017पासूनची ‘म्युच्युअल फंड सही है’ ही ओळ हिंदीत ‘योग्य’ म्हणते, मराठी कानाला त्यात स्वाक्षरीही ऐकू येते.) रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024पासून किरकोळ कर्जांच्या मुख्य बाबींचं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. मराठीत आहे म्हणजे समजतं, असं मात्र कुणी धरू नये.

हल्ली मी एक अट घालते. ठळक ओळ माझ्याकडून हवी असेल, तर खालचा मजकूरही मीच मराठीत आणणार. दोन गिऱ्हाइकं त्यावरून गेली. एक पतसंस्था टिकली. तिच्या पत्रकात आता ‘ऋणको’ जाऊन ‘तुम्ही’ आलं आहे, आणि हप्ता चुकला तर किती जास्त भरावं लागेल हे वरून चौथ्या ओळीत आहे. धंद्यावर काही परिणाम झाला का, असं मी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, “लोक हल्ली अर्ज घरी नेतात, मॅडम. सही दुसऱ्या दिवशी करतात.”