मार्थेचे आठ तास

आगमनकाळ सुरू झाला की ख्रिस्ती घरांत दोन तयाऱ्या बरोबरीने चालू होतात. एक अंतःकरणाची आणि दुसरी स्वयंपाकघराची. पहिलीविषयी आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून पुष्कळ बोलतो. दुसरीविषयी बोलण्याचा प्रघात नाही. परंतु नाताळच्या दिवशी घरातील कोण प्रसन्न मुद्रेने पंगतीला बसेल आणि कोण कंबर धरून कोपऱ्यात बसेल, याचा निकाल बहुधा चुलीपाशीच लागतो. म्हणून एका घरगुती वस्तूच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ती वस्तू म्हणजे विजेवर चालणारा स्लो कुकर. आखातात वा परदेशी नोकरीस असलेल्या मुलामुलींनी आणलेले हे जाड मातीच्या घडणीचे भांडे आता वरळीतील काही घरांतही दिसू लागले आहे आणि नाताळचा हॅम त्यात शिजू लागला आहे. त्याचा विधी सोपा आहे. हॅम म्हणजे डुकराच्या मांडीचे खारवलेले आणि बहुधा धुरावलेले मांस. मीठ फार असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवावे, चरबीची बाजू वर ठेवून भांड्यात घालावे, चार लवंगा टोचाव्यात, थोडा अननसाचा रस ओतावा, झाकण लावावे आणि मंद खुणेवर सहा ते आठ तास सोडून द्यावे. एकच पथ्य असते: झाकण पुन्हा पुन्हा उघडायचे नाही. प्रत्येक वेळी कोंडलेली ऊब निघून जाते आणि शिजण्याचा वेळ लांबतो.

यावर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया विचारतात, "बटण दाबून का कधी नाताळ होतो?" तरुण सुना याला जुन्या माणसांची कुरकुर समजतात. आम्हाला मात्र हा प्रश्न गंभीर वाटतो. ज्या आजीने उभा जन्म चोवीस तारखेची रात्र सोरपोतेलच्या टोपापाशी आणि फुग्यांच्या कढईपाशी काढली, तिच्या लेखी ते कष्ट हीच प्रेमाची भाषा होती. ते कष्ट यंत्राने उचलले तर ती भाषा मुकी होईल, अशी तिची भीती आहे. तेव्हा प्रश्न असा: श्रम वाचले म्हणजे प्रेम उणे झाले काय?

उत्तराकडे जाण्यापूर्वी या भांड्याची कुळकथा पाहू. ते अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन या ज्यू संशोधकाने घडविले व त्याचे पेटंट त्याला 1940 साली मिळाले. पुढे 1970 मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 पासून 'क्रॉक-पॉट' या नावाने ते घरोघर पोचले. नॅक्सनला ही कल्पना आपल्या आईच्या आठवणींतून सुचली. लिथुआनियातील तिच्या गावी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी 'चोलंट' नावाच्या कालवणाची हंडी भटारखान्यात नेऊन ठेवीत. शब्बाथाच्या दिवशी घरात अग्नी पेटवू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. म्हणून विझत चाललेल्या भट्टीच्या उबेवर ते कालवण रात्रभर शिजे आणि दुसऱ्या दिवशी घरातील स्त्रीला चूल न पेटविता कुटुंबाला ऊन जेवण वाढता येई.

ज्या भांड्यात आपण हॅम शिजवतो, त्याचे मूळ डुकराचे मांस निषिद्ध मानणाऱ्या समाजाच्या पवित्र दिवसात आहे. यात विनोद आहे खरा, पण बोधही आहे. हे भांडे आळसातून जन्मले नाही, ते विश्रांतीच्या आज्ञेतून जन्मले. ही आज्ञा आपल्या भूमीलाही अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्राएल बांधव तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. त्यांची ओळख त्यांच्या कामावरून ठरली तशीच काम थांबविण्याच्या दिवसावरूनही ठरली.

आणखी एक तुलना करावीशी वाटते. आपल्या स्वयंपाकघरांत प्रेशर कुकर कधीचा नांदतो आहे. तो वेळ वाचवतो, पण वाफ कोंडून आणि घाई करून. त्याच्यापाशी उभे राहून शिट्ट्या मोजाव्या लागतात. स्लो कुकर उलट अधिक वेळ घेतो, पण त्या वेळात माणसाला जखडून ठेवीत नाही. पहिला पदार्थाला पळवतो, दुसरा माणसाला मोकळे करतो. म्हणून नैतिक विचार भांड्याचा करण्याऐवजी मोकळ्या झालेल्या माणसाचा करावा लागेल. ते सुटलेले आठ तास कोणाचे?

या प्रश्नाला आपल्या परिसरात मोठा इतिहास आहे. वरळी, परळ, लालबाग ही गिरण्यांची वस्ती. एके काळी या गिरण्यांत आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्या लढ्यातील एका मोठ्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली होती. पुढील वर्षी, 15 मे 1891 रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले व त्यात श्रमिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचा हक्क ठामपणे सांगितला. मुंबईचा एक सत्यशोधक पुढारी आणि रोमचे पोप, दोघे एकमेकांना न ओळखता एकाच सत्यापाशी पोचले: माणूस हा यंत्राचा भाग नाही.

परंतु त्या रविवारी एक काम थांबले नाही. गिरणीचा भोंगा बंद राहिला, पण चूल पेटलीच. किंबहुना पुरुष घरी असल्याने त्या दिवशी स्वयंपाक वाढला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 सालच्या 'लाबोरेम एक्सेरचेन्स' या विश्वपत्रात श्रमाविषयी लिहिताना घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा आवर्जून उल्लेख केला आणि त्यांच्या कष्टांची दखल समाज, व प्रसंगी घरची माणसेही, घेत नाहीत हे नमूद केले. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी 1983 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले की घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे तास फारसे कमी झाले नाहीत. पूर्वी पुरुष व मुले जी कामे करीत ती यंत्रांनी उचलली, आणि स्त्रीवर मात्र नव्या अपेक्षा लादल्या गेल्या. म्हणजे भांडे विकत घेतल्याने विश्रांती आपोआप घरात येत नाही. हॅम आपल्या आपण शिजतो आहे ना, मग तेवढ्यात पडदे धुऊन टाक, असे म्हणणाऱ्या घरात यंत्राने कोणालाच मोकळे केलेले नसते.

येथे संत लूकच्या शुभवर्तमानातील बेथानीचे घर आठवते. पाहुण्यांच्या सरबराईत बुडालेली मार्था आणि प्रभूच्या चरणांशी बसलेली मरिया. या प्रसंगावरून मार्थेला नावे ठेवण्याची सवय आपल्याला लागली आहे. पण प्रभूने स्वयंपाकाचा निषेध केलेला नाही. अनेक गोष्टींच्या काळजीने तिचे चित्त विखुरले होते, याची त्याला खंत होती. संत योहानाच्या शुभवर्तमानात हीच मार्था लाजराच्या मृत्यूनंतर येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र असल्याची कबुली देते, आणि त्यानंतरच्या भोजनात ती पुन्हा वाढण्याचे काम करताना दिसते. काम तेच राहिले, मात्र आता तिच्या तोंडी तक्रार नाही. सेवा आणि शीण यांतील भेद तिला उमगला असावा, असे आम्हाला वाटते.

हाच भेद आजीच्या प्रश्नाला लावून पाहू. सगळे कष्ट सारखे नसतात. काही कष्ट माणसे जमवतात. कुलकुल वळताना, नेवऱ्यांच्या कडा मुरडताना घरातील लहानथोर एका पाटाभोवती बसतात; गोष्टी निघतात, कोणाच्या तरी लग्नाची आठवण येते, पोरे कच्चे पीठ पळवतात. शिवाय हे गोड जिन्नस दारोदार जातात. दिवाळीचा फराळ ज्या शेजाऱ्याकडून आला, त्याच्याकडे नाताळचे ताट जाते. हॅम तसा जात नाही, तो आपल्याच मेजावर राहतो. आणि हॅमपाशी तासन् तास थांबण्याचे कष्ट माणसे जमवीत नाहीत. ते एका बाईला इतरांपासून वेगळे काढून ओट्याशी बांधतात. म्हणून आमचे मत असे की माणसे जमवणारे कष्ट राखून ठेवावेत आणि एकटे पाडणारे कष्ट खुशाल भांड्याच्या स्वाधीन करावेत. कुलकुल सर्वांनी मिळून वळावेत, हॅम यंत्राने शिजवावा. आजीची भीती अशाने खोटी ठरत नाही, तिला तिची योग्य जागा मिळते. तिला जपायचे होते ते प्रेम. चुलीचा धूर ही त्या काळी त्या प्रेमाची द्यावी लागलेली किंमत होती.

कोणी म्हणेल, प्रेमात त्याग हवाच. हो, हवा. पण त्याग स्वेच्छेने केलेला असतो तेव्हाच तो त्याग. जो दरवर्षी एकाच व्यक्तीच्या वाट्याला, तिला न विचारता येतो, त्याला त्याग म्हणणे ही इतरांची सोय आहे. नाताळच्या पूर्वरात्री घरातील सर्व मंडळी मिस्सेला जातात आणि एक जण "टोप उतरवून येते मागाहून" म्हणून मागे राहते. ती पोचते तेव्हा शुभवर्तमान वाचून झालेले असते. बेथलेहेमची वार्ता जिच्या कानी पडायला हवी होती, तिच्या कानी ती कित्येक वर्षे पडलेलीच नाही. एवढी एक गोष्ट जरी त्या भांड्याने बदलली, तरी त्याचे मोल झाले असे आम्ही मानू.

शेवटी या यंत्राची एक मर्यादा सांगितली पाहिजे, कारण तीही उपयोगी आहे. झाकणाखालच्या ओलाव्यात हॅम मऊ होतो, पण त्याला तांबूस झळाळी येत नाही. त्यासाठी तो बाहेर काढून, आतपर्यंत पुरेसा तापला आहे ना हे पाहून (कारखान्यातून शिजवून बंद होऊन आलेला असल्यास 60 अंश सेल्सियस, कच्चा असल्यास 63 अंश व त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा), वर गूळ किंवा साखर व मोहरीचा लेप लावून कडक तापलेल्या भट्टीत थोडा वेळ ठेवावा लागतो. तेथे डोळा चुकवून चालत नाही, लेप पाहता पाहता करपतो. म्हणजे आठ तास यंत्राचे, आणि शेवटचा अर्धा तास माणसाच्या हाताचा. हा अर्धा तास घरातील पुरुषांनी आणि मुलग्यांनी घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या सरोवराकाठी काय केले ते संत योहान सांगतो. रात्रभर जाळी टाकून थकलेले शिष्य पहाटे किनाऱ्याला लागले, तेव्हा निखाऱ्यांवर मासे आणि सोबत भाकर तयार होती. कोळीवाड्यातील आपल्या बांधवांना त्या पहाटेचा गारठा आणि रिकाम्या जाळ्याचे ओझे समजावून सांगावे लागत नाही. ज्याने मृत्यूला जिंकले, त्याने दमलेल्यांसाठी स्वतः न्याहारी रांधली आणि त्यांना बोलावून आपल्या हाताने वाढली.

यंदा ज्या घरात नवे भांडे येणार असेल, तेथे ते वापरण्यापूर्वी एक ठराव कुटुंबप्रार्थनेच्या वेळी सर्वांनी मिळून करावा: त्यातून सुटणारे तास कोणाचे, आणि ती व्यक्ती ते कसे घालवू इच्छिते, हे तिलाच विचारावे. ती म्हणेल, मला मिस्सेला पहिल्या ओळीत बसायचे आहे. कदाचित म्हणेल, मला नुसते झोपायचे आहे. दोन्ही उत्तरे तितक्याच आदराने ऐकावीत.