गोल कुणाच्या नावावर?

मागील पावसाळ्यात दौंडच्या एका तरुणाने आम्हांस लहानसा वाटणारा, परंतु लहान नसलेला एक पेच घातला. शिरूर आणि दौंड येथील आपल्या मुलांचा मिळून हॉकीचा एक संघ आहे. त्याच्या सामन्यांची नोंदवही आमच्याकडे असते. रेल्वेच्या भरतीत खेळाडूंसाठी काही जागा असतात. तेव्हा आम्ही शिफारसपत्र द्यावे, अशी त्या तरुणाची विनंती होती. मजकूर त्याने स्वतःच लिहून आणला होता आणि त्यात वर्षभरातील त्याचे गोल होते १२. आमच्या वहीत होते ९.

विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “फादर, तीन गोल गर्दीत झाले. चेंडूला शेवटचा स्पर्श माझाच होता. आणि थोडे वाढवून सगळेच लिहितात. मोठमोठे खेळाडूसुद्धा!”

हे शेवटचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. मोठे खेळाडू खरोखर आपले गोल वाढवून सांगतात काय?

प्रथम खेळाकडे पाहू. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद होते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद राहिले. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर आला असताना प्रतिपक्षाच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला. हळहळ आजही वाटते, परंतु त्या ४४३ चे ४५३ करण्याचे धाडस कुणी केले नाही. कारण वही साक्षीला होती. हॉकीचे तसे नाही. लांबून आलेला फटका डीमध्ये आक्रमकाच्या स्टिकला ओझरता लागला, तर गोल त्या आक्रमकाचा. पेनल्टी कॉर्नरला एक जण चेंडू आत ढकलतो, दुसरा अडवितो, तिसरा मारतो. नाव मात्र तिसऱ्याचेच लागते. चार स्टिकांच्या गर्दीत तर पंचालाही अंदाजच करावा लागतो.

जेथे वही नसते, तेथे स्मरणशक्ती हिशेब ठेवते; आणि स्मरणशक्ती ही मोठी उदार बाई आहे. आपल्याच जिल्ह्यातील खडकीचे धनराज पिल्ले १९८९ ते २००४ या काळात ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धांत ते मैदानात उतरले. त्यांचे गोल किती? १७० हून अधिक, असे सांगितले जाते. परंतु हॉकी महासंघाने त्यांची अधिकृत मोजदाद ठेवलीच नाही. येथे आम्ही खेळाडूला बोल लावत नाही. ज्यांचे काम नोंद ठेवण्याचे होते, त्यांनी ती ठेवली नाही, आणि एका थोर खेळाडूला आपल्याच कर्तृत्वाचा साक्षीदार आपणच व्हावे लागले. हा त्याच्यावरील अन्याय आहे.

मेजर ध्यानचंद यांच्या गोलांची संख्या कुणी चारशेच्या वर सांगतो, कुणी ५७०. १९३५ च्या न्यूझीलंड दौऱ्यात त्यांनी २०१ गोल केले. पण त्यांतील बहुतेक सामने स्थानिक व प्रांतिक संघांशी झाले होते. ते मोजावेत की नाही, यावर आकडा फुगतो किंवा आटतो. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ असे हरविले. त्यात ध्यानचंदांचे सहा गोल होते असे अनेकांनी लिहिले आहे. अधिकृत नोंदीत तीन आहेत. ते वाढीव तीन गोल भक्तांच्या प्रेमातून आले असावेत. परंतु ते कुणाच्या तरी पदरातून काढलेले आहेत. त्या दिवशी जे दुसरे गोल करीत होते, त्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

तेव्हा आमचे उत्तर असे: धडधडीत खोटे सांगणारा मोठा खेळाडू विरळा. बहुधा त्याची आठवण उदार असते, मोजण्याची रीत सोयीची असते आणि चाहते अधिक भर घालतात. त्याची खरी परीक्षा पुढे होते. दुसऱ्याने वाढवून सांगितलेला आकडा आपल्या कानी आल्यावर आपण तो दुरुस्त करतो, की किंचित हसून गप्प बसतो?

संत थॉमस अक्विनास यांनी सत्यनिष्ठेचा विचार न्याय या सद्‌गुणाच्या सोबतीने केला आहे आणि बढाईला सत्याच्या विरोधातील दुर्गुण म्हटले आहे. सेमिनरीत हे पाठ करताना आम्हांस त्याचे मर्म कळले नव्हते. स्वतःविषयी थोडे वाढवून सांगितले तर कुणाचे काय बिघडले, असे वाटे. आज कळते की, सांघिक खेळात बढाईचे बिल नेहमी शेजाऱ्याच्या नावे फाटते. नागपुरात जन्मलेले रिचर्ड ॲलन १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचे गोलरक्षक होते. पाच सामन्यांत त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही. त्यांच्या वाट्याला आले ते शून्य. आणि शून्य फुगविता येत नाही.

येथे आम्हांस आमचीही कबुली दिली पाहिजे. सेमिनरीच्या वार्षिक सामन्यात गर्दीतून चेंडू गोलात गेला आणि पंचांनी आमचे नाव पुकारले. चेंडू आमच्या शेजारच्या अबोल सोबत्याच्या स्टिकला लागून गेला होता. आम्ही पाहिले होते. तरी आम्ही हात उंचावला. तो काही बोलला नाही. दोन वर्षांनी तो सेमिनरी सोडून गेला, आणि सांगायचे ते राहूनच गेले. पस्तीस वर्षांत आमच्या हातून मोठ्या चुका झाल्या असतील. परंतु हा एक गोल अजून परत करता आलेला नाही.

म्हणून त्या तरुणाला आम्ही ‘नाही’ म्हटले नाही. रविवारी मिस्सानंतर सर्व संघाला बोलाविले आणि ते तीन गोल एकेक करून आठविले. एक शिरूरच्या मुलाचा निघाला, दुसरा बचावपटूचा. तिसऱ्याविषयी मात्र वहीत ज्याचे नाव होते तोच उठून म्हणाला, “फादर, तो याचाच होता. माझी स्टिक लागलीच नव्हती.” म्हणजे वहीही चुकली होती, आणि वही लिहिणारे आम्हीच होतो. आम्ही ९ खोडून १० केले आणि पत्रावर सही केली.

पत्राची घडी घालताना त्या तरुणाने मान वर केली नाही. तो रागावला होता की लाजला होता, हे सांगता येत नाही. दाराशी मात्र तो क्षणभर थांबला आणि शिरूरच्या त्या मुलासाठी वाट पाहत उभा राहिला.

महाराष्ट्रात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. ती वाचून आपण हळहळतो. परंतु मुलगा मैदानावरून घरी येतो तेव्हा “किती गोल केलेस?” एवढेच आपण विचारतो. “पास कुणी दिला?” हेही विचारू लागलो, तर पुष्कळशा वह्या आपोआप खऱ्या होतील.