तसवीर, नियत आणि अमानत

आमच्या घरात एक तैलचित्र आहे. दोन फूट उंच, दीड फूट रुंद. मालेगावच्या एका यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरणारी म्हातारी बाई त्यात बसली आहे. डोक्यावरचा पदर मागे सरकलेला, बोटे सुतात गुंतलेली आणि नजर पाहणाऱ्याकडे नव्हे, तर हातातल्या कांडीकडे. २००४ साली मुंबईत काळा घोड्याच्या पदपथावर चित्रे मांडून बसलेल्या एका तरुणाकडून मी ते आठ हजार रुपयांना घेतले. शिक्षकाच्या पगारात ती रक्कम लहान नव्हती. पण त्या बाईच्या बोटांत मला माझी फूफी दिसली होती. तिनेही आयुष्यभर कांड्याच भरल्या.

चित्र दिवाणखान्यात लागले आणि अम्मीने आपली जानमाज उचलून आतल्या खोलीत नेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एवढेच म्हणाली, ‘‘फरिश्ते कैसे आएंगे रे बेटा, इस घर में?’’

अम्मीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्यातले काही सुशिक्षित लोक अशा वेळी ‘जुन्या लोकांचे काय घेऊन बसलात’ म्हणून मोकळे होतात. मला तसे होता आले नाही. ज्या घरात तसवीर असते तिथे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस अम्मीने लहानपणापासून ऐकलेली. सजीवांच्या आकृत्या घडवणाऱ्याला कयामतच्या दिवशी त्यांत प्राण फुंकायला सांगितले जाईल, हा इशाराही हदीसमध्ये आहे. या इशाऱ्यामागे एक मोठा विचार आहे. निर्माण करणारा एकच. माणसाने आपल्या हातच्या वस्तूपुढे झुकू नये आणि आपल्या कौशल्याने फुगूनही जाऊ नये.

पण परंपरा एवढ्यावरच थांबत नाही. हजरत आयेशा यांच्या घरात चित्रे असलेला एक पडदा होता. पैगंबरांना तो आवडला नाही. मग त्याच कापडाच्या उशा शिवण्यात आल्या आणि त्या घरात वापरात राहिल्या. उलेमांनी या घटनेचे वेगवेगळे अर्थ लावले आहेत. काहींच्या मते कापड फाडल्याने आकृतीच मोडली, काहींच्या मते तिचा मान गेला. मला त्यातून एक प्रश्न मिळाला: चित्र घरात आहे की नाही, याइतकेच ते कोणत्या जागी आहे हेही महत्त्वाचे नाही का? अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबर बादशहाचा एक विचार नोंदवला आहे. जिवंत प्राण्याचे अवयव एकामागून एक रंगवताना चित्रकाराला कळून चुकते की यात जीव घालणे आपल्या हाती नाही, आणि मग त्याला जीवनदात्याची आठवण होते. म्हणजे ज्या कुंचल्याने माणूस गर्विष्ठ होईल अशी भीती होती, तोच त्याला नम्रही करू शकतो.

आपल्या काळातले उदाहरण घ्यायचे तर तय्यब मेहतांचे घेता येईल. १९४७च्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी खिडकीतून पाहिले. ते दृश्य त्यांना जन्मभर सुटले नाही. त्यांच्या कॅनव्हासवर कोसळणारी माणसे पुन्हा पुन्हा येत राहिली. अशा चित्रापुढे कोण सजदा करील? तिथे मान खाली जाते, पण ती शरमेने.

मग आजच्या काळात मूर्तिपूजेचा धोका कुठे आहे? मला तो आकृतीपेक्षा आकड्यात जास्त दिसतो.

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ साली ‘ग्रामयात्रा’ नावाचे सुमारे चौदा फूट लांबीचे तैलचित्र रंगवले. तेरा चौकटी, त्यांत दळणाऱ्या बाया, लेकरे, बैलगाडी, शेतकरी. त्याच वर्षी नॉर्वेत राहणाऱ्या एका डॉक्टरांनी ते दिल्लीत घेतले आणि पुढे ओस्लोच्या एका इस्पितळाला देऊन टाकले. तिथल्या भिंतीवर ते कित्येक दशके राहिले. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये आले. आधुनिक भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. ते पैसे डॉक्टरांच्या शिक्षणासाठी जायचे होते, ही समाधानाची गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी आपल्याकडे चर्चा झाली ती आकड्याची. तेरा चौकटींत काय आहे, हे किती जणांनी विचारले? आणि ज्या हुसेनना २००६ साली देश सोडावा लागला, ज्यांनी २०१०मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि ज्यांची कबर २०११पासून इंग्लंडच्या मातीत आहे, त्यांची आठवणही त्या आकड्याखाली दबून गेली.

चित्रे विकत घेऊन थेट गोदामात ठेवणारे लोक जगात आहेत. तपमान जपलेल्या खोलीत, अंधारात, भाव वाढण्याची वाट पाहत ती चित्रे पडून असतात. साठेबाजीला आपल्या धर्माने गुन्हा मानले ते धान्याच्या बाबतीत. चित्रावाचून कोणी उपाशी मरत नाही, हे खरे. तरी माणसाचा चेहरा माणसांच्या नजरेपासून दडवून फक्त भावासाठी राखणे मला त्याच वृत्तीचे वाटते.

हे सारे मी दुसऱ्यांविषयी लिहीत होतो, तोवर ठीक होते. मग पाळी माझ्यावर आली. माझ्या चित्राचा तो तरुण चित्रकार नावारूपाला आला. एक दलाल घरी येऊन गेला आणि त्याने जी रक्कम सांगितली, ती माझ्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षा मोठी होती. त्या रात्री मी चित्रासमोर उभा राहिलो आणि ध्यानात आले की मी म्हातारीची बोटे पाहतच नाही. मी सहीचा कोपरा पाहतो आहे.

रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना मी आमच्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, ‘‘प्रोफेसरसाहेब, विकण्याच्या नियतीने घेतले असते तर तो व्यापाराचा माल, बाजारभावाने अडीच टक्के जकात. तुम्ही घरासाठी घेतले. नुसते मनात आल्याने त्याच्यावर जकात लागत नाही.’’ शास्त्राने मला मोकळे केले. पण मौलानांच्या तोंडून आलेला ‘नियत’ हा एकच शब्द मला सोडीना. चित्र तेच, भिंत तीच, भाषा बदलली होती ती माझ्या मनाची. अम्मी म्हणायची ते फरिश्ते बहुधा त्याच रात्री दारातून परत गेले असतील.

मी चित्र विकले नाही. यात थोरवी काही नाही. उद्या घरात आजारपण आले तर विकावेही लागेल, आणि त्यात पापही नाही. पण दोन गोष्टी मी कागदावर लिहून मुलांना दिल्या आहेत. आपल्या स्वामित्व हक्काच्या कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची सोय झाली आहे. व्यवहारात ती फारशी पाळली जात नाही. आमच्या घरी ती पाळली जावी, पूर्ण दहा टक्के. आणि तेवढीच रक्कम मालेगावच्या कांडीवाल्या बायांच्या औषधपाण्यासाठी जावी. चेहरा त्यांचा आहे. मालकी कागदावर माझी असली, तरी ती अमानत आहे.

अम्मी आज नाही. चित्र आता माझ्या अभ्यासिकेत, किब्ल्याच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीवर आहे. नमाजला उभे राहिले की ते पाठीमागे राहते. सलाम फिरवून उठल्यावर मात्र समोर तीच बाई असते, मान खाली घालून सूत गुंडाळणारी. तिने माझ्याकडे कधी पाहिले नाही. मी तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, एवढाच हिशेब मला द्यायचा आहे.