संकोच कोणाचा?

रायपूरच्या गोलबाजारात परवा उंच टाचांच्या चपला घातलेला एक पुरुष दिसला. लोक हसले, मीही हसलो, आणि त्याची चाल अडखळली.

वस्तुतः सतराव्या शतकात फ्रान्सचा चौदावा लुई लाल उंच टाचा मिरवीत असे. ते राजवैभवाचे लक्षण मानले जाई. 1911 साली ‘मानापमाना’त बालगंधर्व भामिनी होऊन आले, तेव्हा महाराष्ट्र मुग्ध झाला. इकडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातही पुरुषच ‘परी’ होत आले आहेत. मग रंगमंचावरील कला रस्त्यावर हास्यास्पद का ठरावी?

नटाला पडदा असतो. त्या माणसाला मात्र आमच्या सौजन्याखेरीज दुसरा आडोसा नव्हता, आणि तोच मी काढून घेतला. संकोच वाटावयास हवा होता तो मला.