आधी मुक्काम, मग अकर्म

नांगराने जमिनीची हिंसा होते का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीला दोष दिला आहे तो याच कारणाने, की लोखंडी फाळ जमिनीला आणि जमिनीतल्या जिवांना मारतो. जैन परंपरेनेही या हिंसेचा फार बारकाईने विचार केला. उलट अरणच्या सावता माळ्याला विठ्ठल मळ्यातच भेटला, त्यासाठी वावर सोडावे लागले नाही. आणि विदर्भातला कास्तकार पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा तूप-हळद लावून शेकतो, तेव्हा जुवाने तिथे पडलेला घट्टा त्याच्या हाताला लागतच असतो. पाप की पूजा, असा एका शब्दात निवाडा करून हा प्रश्न सुटत नाही. खरा प्रश्न असा: अन्न लागणारच, तर ते जमिनीवर कमीत कमी जबरदस्ती करून कसे मिळवावे, आणि तसे मिळवण्यासाठी माणसाने आधी स्वतःत काय बदलावे? याची दोन मोठी उत्तरे एकमेकांपासून हजारो मैलांवर शोधली गेली. एक वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी पवनारला, दुसरे जपानच्या शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात. माझे म्हणणे असे, की दोन्हींचा गाभा शेतीच्या पद्धतीत नाही, मुक्कामात आहे. निसर्गशेती ही पाककृतीसारखी उतरवून घेता येत नाही. तिथे राहावे लागते.

विनोबा भावे १९३८ साली पवनारला आले ते खालावलेली प्रकृती घेऊन. रोज थोडे खणायचे, असे त्यांनी ठरवले. सुरुवातीला काही मिनिटे, मग हळूहळू वाढवत. या खणण्यातूनच पवनारच्या त्यांच्या परंधाम आश्रमाच्या जमिनीत राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प वर आले, आणि ते आजही तिथे आहे. १९५० साली त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला: पैशावाचून, आपल्या हातांनी पिकवून जगायचे. बैलही नकोत, कुदळ-फावडे पुरे, म्हणून या शेतीला ऋषिशेती म्हटले गेले. विहिरीवरचा रहाट माणसेच ओढत आणि ओढता ओढता गीताईचे, म्हणजे विनोबांच्या मराठी गीतेचे, श्लोक म्हणत. तिकडे मासानोबू फुकुओका हे वनस्पतिरोगांचे अभ्यासक, योकोहामाच्या जकात खात्यातली नोकरी सोडून गावी परतले. नांगरट नाही, रासायनिक खत नाही की तयार केलेले कंपोस्टही नाही, निंदणासाठी जमीन उकरणे किंवा तणनाशक नाही, औषधांवर भिस्त नाही, ही त्यांची चार सूत्रे. काडाच्या क्रांतीवरचे त्यांचे पुस्तक १९७५ साली आले. त्यांच्या टेकडीवरच्या मातीच्या झोपड्यांत देशोदेशीचे तरुण येऊन राहत. मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ साली मिळाला, फुकुओकांना १९८८ साली. तीस वर्षांच्या अंतराने दोघेही एकाच यादीत आले, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही.

फुकुओका आपल्या शेतीला काहीच न करण्याची शेती म्हणत. यावर पहिला आक्षेप येतो तो आळसाचा, आणि तो खोडायला त्यांचाच अनुभव पुरेसा आहे. गावी परतल्यावर त्यांनी वडिलांच्या संत्रावर्गीय फळबागेची छाटणी बंद केली. झाडे निसर्गावर सोडली की झाले, असा समज. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि झाडे वाळून गेली. वर्षानुवर्षे माणसाने छाटलेल्या झाडाला एकाएकी हात न लावणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे, हे त्यांना तेव्हा कळले. इथे विनोबांची गीता कामाला येते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत त्यांनी ‘विकर्म’ या शब्दाचा रूढ अर्थ, म्हणजे निषिद्ध कर्म, बाजूला ठेवला. बाहेरच्या कर्माला आतून लागणारी मनाची जोड म्हणजे विकर्म, असे त्यांनी मानले. कर्मात विकर्म ओतले की त्याचे अकर्म होते, हाताचे काम तर होते पण त्याचे ओझे उरत नाही. फुकुओकांच्या पहिल्या बागेत नुसते न करणे होते, विकर्म नव्हते. पुढे भाताच्या शेतात ते विकर्म आले. भात उभे असतानाच त्यात क्लोव्हर आणि जव फोकून द्यायचे, कापणीनंतर भाताचे काड न तोडता शेतावर पसरायचे, आणि पसरायचेही वेडेवाकडे. नीट ओळीत अंथरले तर खालचे कोंब अडतात, अस्ताव्यस्त टाकले तर वाट काढून वर येतात. एवढीशी गोष्ट, पण ती कळायला कितीतरी हंगाम वाकून पाहावे लागते. न करणे ही तिथे कमाई आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिकोकूची ओली भातखाचरे कुठे आणि वर्ध्याची पऱ्हाटी, तूर, सोयाबीन कुठे! आक्षेप बरोबर आहे, आणि त्यानेच माझा मुद्दा पक्का होतो. क्लोव्हर इथे आणून पेरणे म्हणजे फुकुओकांचे कर्म उचलणे आणि विकर्म तिकडेच ठेवून येणे. इथल्या काळ्या मातीकडे पाहावे. चैत्र-वैशाखात ती आक्रसते, हात आत जाईल अशा भेगा पडतात, वरचा भुगा आणि काडीकचरा त्या भेगांत घसरतो. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात, आत गेलेले आतच राहते आणि खालचे वर ढकलले जाते. माती स्वतःच स्वतःला उलथीपालथी करते, असे मृदाशास्त्रही सांगते. नांगरटीचा एक वाटा जिथे ऋतूच उचलतो, तिथे किती खोल नांगरायचे आणि नुसत्या वखराने कुठे भागेल, हे त्या वावराला विचारायचे. उत्तर धुऱ्याधुऱ्यावर वेगळे असेल, म्हणून ते पुस्तकात सापडत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान खाली घालावी लागते. निसर्गशेती शिकायला आलेला पाहुणा तीन आठवडे राहतो, मातीत हात घालतो, शांत होऊन घरी जातो. कास्तकाराला घरी जायचे म्हणजे त्याच वावरात जायचे. आत्महत्यांमुळे २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. ज्याच्या उरावर कर्ज आहे त्याला सांगायचे, की पद्धत बदलताना सुरुवातीला उत्पन्न घटले तरी थांब, जमिनीशी संवाद कर! हे सांगण्याचा अधिकार कोणाला? माझ्या मते कोणालाच नाही, जोवर सांगणारा नुसता खाणारा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे ते पिकवणाऱ्याला नव्हे. मिळालेले परत न देता जो भोगतो, त्याला म्हटले आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पाही अर्थव्यवस्थेला हाच प्रश्न विचारत होते: घेता किती, परत काय देता? अहिंसक शेतीचे व्रत पिकवणाऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकले तर ते नवे जू होते. कांचनमुक्तीत उपवास, घाम आणि अर्धपोटी दिवस हे सगळे जेवणाऱ्यांनी स्वतः सोसायचे होते. म्हणून मला तो प्रयोग आजच्या अनेक निसर्गशेती योजनांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. योजना शेतकऱ्याला बदलायला निघतात. पवनारने जेवणाऱ्यापासून सुरुवात केली.

यावर कोणी म्हणेल, की स्वतः विनोबाही १९५१ च्या मार्चमध्ये पवनार सोडून पायी निघाले आणि एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले, मग मुक्कामाचे एवढे काय घेऊन बसलात? ते निघाले हे खरे. पण निघाले ते खणत असलेल्या जमिनीवरूनच. ज्याला वावरच नाही त्याने कुठे मुक्काम करायचा, हा प्रश्न आश्रमाच्या कुंपणात सुटणारा नव्हता. आणि १९५९ साली त्याच जागी ब्रह्मविद्या मंदिर उभे झाले, तिथे भगिनींनी श्रम आणि उपासना एकत्र ठेवून जन्मभराचा मुक्काम केला. तेव्हा आज कोणी निसर्गशेती पाहायला शिकोकूला जावो, पवनारला जावो की आपल्याच मामाच्या गावी, त्याला एवढेच विचारावे, की किती दिवस राहणार? वैशाखात जिथे भेग होती, ती जागा आषाढात पुन्हा ओळखता येईल, निदान इतके तरी दिवस लागतात.