हात पुसण्यापूर्वी

दिवाळीच्या सामानाची यादी करताना यंदा आमच्या घरात एका क्षुल्लक वस्तूपाशी गाडी अडली. रवा, बेसन, तूप, पणत्या, उटणे हे सारे विनावाद पार पडले, आणि मग सूनबाईंनी विचारले, "बाबा, कागदी रुमाल कोणते आणू? फराळालाही होतील आणि पुढे हुरड्यालाही." मी काहीच बोललो नाही. ज्याने आयुष्यभर धोतराच्या सोग्याला हात पुसले, त्याला या बाबतीत मत असण्याचे कारण नाही, असे तिला वाटले असावे. पण माझे मौन अज्ञानाचे नव्हते. गेल्या वर्षीच्या हुरड्याची एक संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती.

वाशिमच्या आसपास आता जिकडे तिकडे सोयाबीन. ज्वारी मागे हटली आहे. तरी आम्ही वाणीच्या ज्वारीची चार तासे हौसेने राखतो. कारण नाताळच्या सुटीत पुण्या-मुंबईची मुलेबाळे येतात, आणि ती आजोबांसाठी येत नसून हुरड्यासाठी येतात हे आजोबांना ठाऊक आहे. आगटीत गोवऱ्या फुलवायच्या, कणसे खुपसायची, तळहातावर चोळून गरम दाणे पळसाच्या पानावर टाकायचे. शेजारी जवसाची चटणी, दही आणि गूळ. हात राखेने काळे, तेलाने चिकट. या हातांसाठी पुण्याच्या पुतण्याने गेल्या वर्षी छापील कागदी रुमालांची पुडकी आणली होती. मुले त्यांना टिश्यू म्हणतात. दिवाळीतले उरलेले होते. चार कोपऱ्यांत पणत्या, कडेने सोनेरी वेल, आणि मधोमध कमळावर बसलेली लक्ष्मी. चित्र इतके देखणे की पहिला रुमाल उचलताना माझा हात क्षणभर थांबला. क्षणभरच. चटणीचे तेल मनगटाकडे निघाले होते.

सायंकाळी मंडळी घराकडे वळली. मी मागे रेंगाळलो. आमच्याकडे झाडलोटीला येणारी बाई पत्रावळी गोळा करून आगटीत टाकत होती. रुमाल मात्र तिने वेगळे काढले होते. ती बांधावर बसून एकेक रुमाल उलगडत होती आणि नखाने त्याचे पदर सोडवत होती. तेव्हा मला प्रथमच कळले, की हा कागद दोन-तीन पदरी असतो आणि चित्र केवळ वरच्या पदरावर असते. खालचे पांढरे पदर ती विस्तवात टाकी. वरचा पदर गुडघ्यावर सरळ करून ठेवी.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"लक्ष्मी हाय जी, गुरुजी. इस्तवात कशी घालू?"

"अगं, कागद आहे तो."

"मंग तुमी घाला," ती म्हणाली, आणि गठ्ठा तिने माझ्यापुढे केला.

मी शिक्षक होतो. मूर्ती आणि चिन्ह, प्रतिमा आणि प्रतिपाद्य यांतला भेद मी वर्गात समजावून सांगितलेला आहे. पण त्या संध्याकाळी तो गठ्ठा माझ्या हातून आगटीत पडला नाही.

पुतण्याला रात्री हे सांगितले, तर त्याने चांगला युक्तिवाद केला. "काका, रांगोळीतही लक्ष्मीची पावलं काढतात. दुसऱ्या दिवशी झाडतोच ना आपण? गणपती तर पाण्यात बुडवतो." मला उत्तर सुचले ते पहाटे. रांगोळी ज्या हाताने काढली, तोच हात ती सकाळी झाडतो, आणि तिथेच नवी काढतो. गणपतीला आरती करून निरोप देतात. त्याचे जाणे त्याच्या येण्यातच ठरलेले असते. या रुमालावर चित्र छापणाऱ्याने, ते विकणाऱ्याने आणि आम्ही विकत घेणाऱ्यांनी त्याच्या शेवटाचा विचारच केला नव्हता. तो विचार तिच्यासाठी ठेवला होता. आमचे पोट भरल्यावर आमच्या सद्सद्विवेकाचे उष्टेही तिनेच काढायचे!

छापील देव म्हणजे हलका देव, असे आपण शिकलेली माणसे सहज म्हणतो. पण १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे स्वस्तात घरोघरी जाऊ लागली, तेव्हा काय झाले ते आठवावे. ज्यांना देवळाच्या पायरीच्याही अलीकडे थांबावे लागे, त्यांच्या मातीच्या भिंतीवर देवी आपण होऊन आली. त्या भिंतीला कागद हीच मूर्ती होती. मग ज्या घरात लक्ष्मी कागदाच्याच रूपाने पुजली गेली, तिथल्या बाईला 'कागद आहे तो' म्हणून सांगणारा मी कोण?

जुन्या पंगतीची फार स्तुती करण्याचा माझा विचार नाही. त्या पंगतीत कोण बसे आणि कोण बाहेर उष्ट्याची वाट पाही, हे मी पाहिलेले आहे. तरी तिच्यात एक शहाणपण होते: नक्षी पानाभोवती असे, पानात नसे. पळसाची पत्रावळ कोरीच. (आमच्या गावाचे जुने नाव वत्सगुल्म. काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न इथेच लागले, असे राजशेखर 'काव्यमीमांसे'त सांगतो. त्या लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडी मंडळींनी हात कशाला पुसले, हे मात्र त्याने लिहिलेले नाही.) २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हा वाटले होते की पळस परत येईल. थोडा आला, कागद त्याहून जास्त आला, आणि कागद कोरा राहणे आपल्याला सोसत नाही.

तर यंदा मी सूनबाईंबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराने पुडकी मांडली. लक्ष्मी नको, कलश नको, स्वस्तिक नको. ज्वारीचे कणीस होते, ते मला फार आवडले. पण धान्याला पाय लागला तर आमच्या घरी अजून नमस्कार करतात. बर्फातले घर आणि वर मोठा तारा असलेले एक पुडके होते. तो तारा आपला नसला तरी कोणाच्या तरी श्रद्धेचा आहे. पुस्तके वाचणारी मुले होती. कागदाला पाय लागला की 'विद्या' म्हणून डोळ्यांना लावायला मीच नाही का शिकवले? नात कंटाळून म्हणाली, "आजोबा, असं केलं तर हातच पुसता येणार नाहीत." तिचे खरे होते. चांगुलपणालाही कुठेतरी कड हवी. नाहीतर तो नुसता नखरा होतो.

शेवटी निळ्या रेघांचे एक पुडके घेतले. घरी आल्यावर ते त्या बाईला दाखवले. तिने उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, "ह्याच्यात कोनी नाही ना?"

"कोणी नाही."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि केरसुणी घेऊन अंगणात गेली.

गेल्या वर्षीचे ते पदर मात्र माझ्याकडेच आहेत. पद्मतीर्थात सोडून द्या, असे एकाने सुचवले. पण तिचा भार आता तळ्यावर टाकायचा का? म्हणून कपाटात एका जुन्या दिवाळी अंकाच्या पानांत ठेवून दिले आहेत. एकाच्या कोपऱ्यावर जवसाच्या तेलाचा डाग आहे. तो बहुधा माझ्याच बोटाचा असावा.